मुद्देमाल कुठून आला, हे विचारायचे कधी?

एकदा मीही पंच झालो होतो. गोव्यातल्या आमच्या सर्वण गावाहून बऱ्याच लांब, दुसऱ्या तालुक्यात एका सोयरिकीच्या बोलणीला गेलो होतो. परतीच्या बसची वाट बघत उभा असताना पोलिसांची जीप थांबली आणि हवालदाराने हाक मारली, "मास्तर, पाच मिनिटांचं काम आहे. एक सही पायजे." मी मास्तर आहे हे त्याने चष्म्यावरून आणि छत्रीवरून ओळखले असावे. ठाण्यात टेबलावर वर्तमानपत्राचा कागद पसरला होता. त्यावर सोन्याची साखळी होती आणि तिची तुटलेली कडी वेगळी ठेवली होती. शेजारी तीन पाने लिहून तयार होती. त्या पानांप्रमाणे एका तरुणाने माझ्यासमोर निवेदन केले होते, मग आम्हा सगळ्यांना जीपने एका पोफळीच्या बागेत नेले होते आणि तिथल्या दगडाखालून त्याने स्वतःच्या हाताने ही साखळी काढून दिली होती. तो तरुण कोपऱ्यातल्या बाकावर बसला होता. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. चहा आला. मी सही केली. झडतीला त्या भागातले दोन स्वतंत्र, प्रतिष्ठित रहिवासी बोलवावेत असे कायदा सांगतो. मी प्रतिष्ठित असेन कदाचित, पण त्या भागातला नव्हतो, आणि बाग तर मी आजतागायत पाहिलेली नाही.

जबरी चोरीच्या बहुतेक खटल्यांत शिक्षा अशाच तीन पानांवर उभी असते. अपिलात भांडण होते तेही त्याच पानांवरून. पोलिसांनी पुरावा बेकायदा मिळवला असेल, कोर्टाने तरी तो वाचला असेल आणि शिक्षाही दिली असेल, तर वरच्या कोर्टात हाती काय लागते? अमेरिकेत याला सरळ रस्ता आहे. खटला उभा राहण्याआधीच आरोपीचा वकील 'मोशन टू सप्रेस' दाखल करतो, म्हणजे हा पुरावा ज्यूरीसमोर येऊच देऊ नका असा अर्ज. अर्ज फेटाळला तर शिक्षेनंतरच्या अपिलात तोच पहिला मुद्दा होतो. आपल्याकडे असा अर्जच नाही. त्यामुळे तो फेटाळल्यावर अपील कसे करायचे, हा प्रश्न इकडे येता येता रूप पालटतो.

१९६१ हे साल या विषयात मोठे योगायोगाचे आहे. त्या वर्षी १९ जूनला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'मॅप विरुद्ध ओहायो'चा निकाल दिला. क्लीव्हलंडमध्ये डॉलरी मॅप या बाईच्या घरात पोलीस वॉरंटाशिवाय घुसले होते. त्यांना जे सापडले ते राज्यांच्या कोर्टांतही पुरावा म्हणून चालणार नाही, असे कोर्टाने ठरवले. फेडरल कोर्टांपुरता हा नियम १९१४ पासूनच होता. त्याच वर्षी ४ ऑगस्टला दिल्लीत अकरा न्यायमूर्तींनी 'मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड'चा निकाल दिला. आरोपीच्या बोटांचे ठसे आणि हस्ताक्षराचे नमुने घेणे म्हणजे त्याला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावणे नव्हे, आणि जबरदस्ती झाली नसेल तर आरोपीच्या माहितीवरून लागलेल्या शोधाबद्दलचे पुरावा कायद्याचे कलम २७ घटनेला धरूनच आहे, असे त्यात म्हटले. आणि १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला. पोर्तुगीज फौजदारी प्रक्रियेतून बाहेर पडून गोवा पुढे भारतीय पुरावा कायद्याखाली आला, म्हणजे बरोबर या दुसऱ्या वाटेवर.

आपली वाट मुळात इंग्रजांची. १९५५ मध्ये केनियातल्या कुरुमा खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने म्हटले की पुरावा प्रस्तुत असला तर तो कसा मिळवला याची चौकशी कोर्टाने करायची गरज नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने तीच री ओढली. मुंबईच्या कॉरोनरने एका डॉक्टरकडे लाच मागितली आणि ते संभाषण ध्वनिमुद्रित झाले. त्या मलकानी खटल्यात, १९७२ साली, चोरून मुद्रित केलेले संभाषणही पुरावा म्हणून चालेल असे ठरले. पाठोपाठ १९७३ च्या डिसेंबरात पूरनमल खटला आला. प्राप्तिकर खात्याची झडती बेकायदा असली तरी त्यात सापडलेले कागद वापरता येतील, कारण घटनेत किंवा पुरावा कायद्यात त्यांना मनाई करणारी ओळ नाही, असे पाच न्यायमूर्तींनी सांगितले. झडतीत गफलत झाली म्हणून जप्ती रद्द होत नाही. फार तर त्या जप्तीकडे कोर्टाने सावधपणे पाहावे, हे त्याआधीच राधाकिशन खटल्यात ठरले होते.

हे 'सावधपणे पाहावे' फार कामाचे आहे. अमेरिकेत पुरावा दारातच अडवता येतो. इथे तो आत येतो, आसनावर बसतो, आणि मग त्याचे वजन कमी करत जावे लागते. अपिलातली सगळी मेहनत वजाबाकीची असते.

आता सर्वणचाच रस्ता घेऊ. समजा, कारापूरकडून येणाऱ्या बाईच्या गळ्यातले मंगळसूत्र मोटरसायकलवरच्या दोघांनी ओढले, ती पडली, खरचटली. दुखापत करून किंवा तिची भीती घालून चोरी केली की ती जबरी चोरी होते. जुन्या दंडसंहितेत तिला कलम ३९२ होते, भारतीय न्याय संहितेत आता ३०९ आहे. शिक्षा दहा वर्षांपर्यंत, आणि सूर्यास्त ते सूर्योदय यांच्यामध्ये महामार्गावर केली तर चौदा. पाच किंवा अधिक जण असले की तो दरोडा. घातक हत्यार वापरले तर सात वर्षांच्या खाली जाता येत नाही. नुसते हिसकावण्याला नव्या संहितेत स्वतंत्र कलम ३०४ आहे, त्याची कमाल शिक्षा तीन वर्षे. त्यामुळे जुलै २०२४ नंतरच्या खटल्यांत 'हे हिसकावणे होते, जबरी चोरी नव्हती' असा एक मुद्दा अपिलाच्या पहिल्याच पानावर दिसू लागणार. बाईच्या गळ्यावरचा ओरखडा मोजायची पाळी कोर्टावर येणार आहे.

लोकांना बऱ्याचदा माहीत नसते की दहा वर्षांची शिक्षा असूनही साधी जबरी चोरी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यापुढे चालते. त्याला तीन वर्षांहून जास्त शिक्षा देता येत नाही. जास्त हवी असे वाटले तर तो प्रकरण मुख्य न्यायदंडाधिकाऱ्याकडे पाठवतो, त्यांची मर्यादा सात वर्षे. म्हणजे आपल्या मोटरसायकलवाल्यांचा खटला डिचोलीच्या कोर्टात उभा राहणार, आणि शिक्षा झाली तर अपील तीस दिवसांत उत्तर गोव्याच्या सत्र न्यायालयात. दरोडा किंवा हत्याराचा मामला असला तर मुळातच तो सत्र न्यायालयात चालतो. मग अपील साठ दिवसांत उच्च न्यायालयात, म्हणजे पर्वरीला. उच्च न्यायालयाचे गोवा खंडपीठ १९८२ पासून पणजीत होते, २०२१ मध्ये ते पर्वरीच्या नव्या इमारतीत गेले. शिक्षा तीन वर्षांपर्यंतची असेल आणि आरोपी जामिनावर असेल तर शिक्षा देणारे कोर्टच अपील करण्यापुरता जामीन देऊ शकते. नाहीतर कोलवाळच्या तुरुंगातून शिक्षा स्थगितीचा अर्ज. तुरुंगातल्या माणसाला अधीक्षकामार्फतही अपील पाठवता येते आणि त्याला वकील फुकट मिळण्याचा हक्क आहे. हा हक्क कुठून पक्का झाला ते मराठी वाचकाला सांगायला हवे. १९७८ च्या होसकोट विरुद्ध महाराष्ट्र खटल्यात, उच्च न्यायालयाच्या निकालाची प्रत कैद्याच्या हातात पडलीच नव्हती, आणि सर्वोच्च न्यायालयात तो पोचला तेव्हा शिक्षा भोगून झाली होती. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी तेव्हा ठरवले की निकालाची प्रत विनामूल्य आणि विनाविलंब मिळणे, आणि वकील फुकट मिळणे, हा अपिलाचाच भाग आहे.

खालच्या कोर्टात वकिलाने उठून "हा पुरावा घेऊ नका" असे म्हटले तर पूर्वी काय व्हायचे? २००१ च्या बिपिन पांचाळ निकालाने सांगितले होते की आक्षेप नोंदवून ठेवा, पुरावा घ्या, आणि तो ग्राह्य की अग्राह्य हे शेवटी निकालात ठरवा. दर आक्षेपावर खटले थांबून राहत होते, त्यावरचा हा इलाज. पण त्यामुळे झाले असे की न्यायाधीशाने तो पुरावा वाचलेला, ऐकलेला, हाताळलेला असायचा, आणि मग स्वतःलाच 'हे मी वाचलेच नाही' असे समजवायचे. ते माणसाला साधत नाही. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी खटल्यांसाठी मार्गदर्शक नियम घालताना ही पद्धत सोडून द्यायला सांगितले; आक्षेपाचा निर्णय तिथल्या तिथे, निदान त्या साक्षीदाराची साक्ष संपताना द्यावा, असे म्हटले. आपल्याकडच्या 'सप्रेशन'च्या सगळ्यात जवळ जाणारी सोय ती हीच. ती किती कोर्टांत पाळली जाते ते एखाद्या दिवशी मागच्या बाकावर बसून पाहावे.

अपील करणाऱ्याने मात्र खालच्या कोर्टात तोंड उघडलेले असावेच लागते. पुरावा मुळातच निषिद्ध असेल, पोलिसांपुढचा कबुलीजबाब हे त्याचे ठळक उदाहरण, तर तो मुद्दा अपिलात पहिल्यांदाही काढता येतो. पण चूक फक्त सिद्ध करण्याच्या पद्धतीत असेल तर वेळेवर हरकत न घेणाऱ्याला नंतर ओरडता येत नाही. जालन्याच्या निवडणूक वादातून आलेल्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल निकालाने २०२० मध्ये ठरवले की सीसीटीव्ही किंवा मोबाइलमधल्या नोंदीची प्रत द्यायची तर सोबत प्रमाणपत्र सक्तीचे. त्याआधी २०१७ च्या सोनू विरुद्ध हरियाणा निकालाने म्हटले होते की प्रमाणपत्र नाही ही हरकत खटल्यात घेतली नसेल तर अपिलात ती नव्याने घेता येणार नाही. सराफाच्या दुकानातल्या कॅमेऱ्याची चकती विनाप्रमाणपत्र दाखल झाली आणि बचावाचा वकील त्या दिवशी गप्प बसला, की वर कितीही नामांकित वकील केला तरी तो धागा तुटलेला असतो.

आता त्या तीन पानांकडे येतो. पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुराव्यात येत नाही हा आपल्या कायद्याचा भक्कम खांब. कलम २७ ही त्याच खांबातली फट. नव्या भारतीय साक्ष अधिनियमात ते कलम २३ च्या परंतुकात गेले आहे. कोठडीतल्या आरोपीच्या माहितीवरून एखादी गोष्ट शोधली गेली, तर त्या शोधाशी थेट संबंध असलेला माहितीचा तेवढाच भाग सिद्ध करता येतो. 'तेवढाच' हा शब्द कित्येक दशके कोर्टांत घोळतो आहे. पुलुकुरी कोट्टय्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने स्पष्ट केले की शोध म्हणजे वस्तू नव्हे. वस्तू कुठे आहे आणि ती तिथे असल्याचे आरोपीला ठाऊक आहे, हा शोध. "साखळी दगडाखाली ठेवली आहे, दाखवतो" एवढे चालते. "बाईच्या गळ्यातून ओढलेली साखळी" म्हटले की पहिले तीन शब्द बाद. पंचनामा लिहिणारा जमादार ते तीन शब्द घातल्याशिवाय राहत नाही, आणि खालची कोर्टे कधीकधी ते न खोडता वाचतात. अपिलाचा वकील पहिली पेन्सिल तिथेच उचलतो.

दुसरी पेन्सिल जागेवर. त्रिंबक विरुद्ध मध्य प्रदेश या जुन्या खटल्यात दरोड्यातले दागिने आरोपीने शेतातून काढून दिले होते. शेत उघडे होते, कोणीही ये-जा करू शकत होते. तेवढ्यावरून ते त्याच्या ताब्यात होते असे म्हणता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आणि शिक्षा रद्द केली. आमच्याकडच्या पोफळीच्या बागांना कुंपण असते ते गुरांसाठी; माणसाला पायवाट असते. दगडाखालची साखळी दगडाला ठाऊक होती, आरोपीला ठाऊक होती, आणि कदाचित जमादारालाही.

तिसरा मुद्दा पंचांचा, आणि इथे निकालांचे आपसात जमत नाही. २००० सालच्या दिल्लीच्या सुनील खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणाले की झडतीला दोन पंच हवेत हा नियम कलम २७ च्या शोधाला लागू नाही, आणि पोलिसांच्या लिखाणावर मुळातूनच अविश्वास ठेवण्याची सवय सोडायला हवी. पंच उलटला तरी तपास अधिकाऱ्याची साक्ष विश्वासार्ह वाटली तर पुरते, असे सांगणारे निकाल तर ढिगाने. पण २०२२ च्या रामानंद निकालात तेच न्यायालय सांगते की आधी ठाण्यात दोन स्वतंत्र पंचांसमोर आरोपीचे निवेदन त्याच्याच शब्दांत लिहा, सह्या घ्या, मग जागेवर जा आणि पंचनाम्याचा दुसरा भाग तिथे लिहा. आरोपी नेमके काय बोलला हे अधिकाऱ्याला सांगता आले नाही तर शोधाला किंमत नाही. अपील चालवणारा वकील सहा पिशव्या भरून निकाल आणतो, सरकारी वकीलही सहा पिशव्या आणतात. मग ठरते ते न्यायाधीशाला त्या जमादाराचा चेहरा कसा वाटला त्यावर, आणि तो चेहरा अपिलाच्या कोर्टाने पाहिलेला नसतो.

माझे समन्स सही केल्यावर चार वर्षांनी आले. सरकारी वकिलांनी सही दाखवली, मी ओळखली. मग बचावाचे वकीलसाहेब उठले. आवाज चढवला नाही, दाबला नाही. एवढेच विचारले, "मास्तर, बागेत जाताना ओहोळ लागतो की नाही?" मी म्हटले, मला माहीत नाही. "पाऊस होता?" मला माहीत नाही. "मग तुम्हाला माहीत काय आहे?" मी म्हटले, चहा गोड होता. कोर्ट हसले. कोपऱ्यातला तो तरुण, आता थोडा जाड झालेला, तो मात्र हसला नाही. सरकारी वकिलांनी मला फितूर जाहीर करायची परवानगी मागितली. निकाल काय लागला ते विचारायला मी गेलो नाही, आणि त्याची टोचणी अजून आहे. मी खरे बोललो म्हणून एक चोर सुटला असेल, किंवा मी आधी खोटी सही केली म्हणून एक निर्दोष पोरगा चार वर्षे फेऱ्या मारत राहिला असेल. दोन्हींत सही माझीच.

लुटीच्या अपिलात ओळख परेडीचाही नंबर वर असतो. इथे मुंबईचाच जुना खटला आठवावा लागतो. १९५१ मध्ये लॉइड्स बँकेची रोकड मुंबईत हत्यारांच्या धाकाने लुटली गेली, त्यात एक जीव गेला. खटला ज्यूरीपुढे चालला. सर्वोच्च न्यायालयात आले तेव्हा प्रश्न असा की साक्षीदाराने पोलिसांसमोर आरोपीकडे बोट दाखवले, तर ते नुसते बोट की पोलिसांना दिलेला जबाब? न्यायमूर्ती भगवतींनी म्हटले, जबाबच. म्हणून पोलिसांनी घडवलेल्या परेडीतली ती ओळख ग्राह्य नाही. मॅजिस्ट्रेट किंवा पंच यांनी पोलिसांना बाहेर ठेवून परेड घेतली तर गोष्ट वेगळी. पण कोर्ट तिथेच थांबले नाही. अग्राह्य भाग काढून टाकल्यावर न्यायाची हानी झाली का, हे पाहावे लागेल, असे त्याने म्हटले. आपली 'वजाबाकी' म्हणतो ती हीच. पुरावा कायद्याच्या कलम १६७ मध्ये ती १८७२ पासून लिहिलेली आहे, नव्या कायद्यात ते १६९ झाले: अग्राह्य पुरावा घेतला एवढ्या कारणाने निकाल उलटत नाही, तो वगळून उरलेला पुरावा पुरेसा असेल तर शिक्षा राहते. अमेरिकेतही सप्रेशनचे अपील जिंकूनसुद्धा माणूस हरतो ते याच तर्काने, 'चूक निरुपद्रवी होती' म्हणून. मात्र तिथे घटनात्मक चूक असेल तर ती निरुपद्रवी होती हे सरकारने संशयापलीकडे दाखवावे लागते, हे १९६७ च्या चॅपमन निकालाने ठरवले. आपल्याकडे ते ओझे कोणावर आहे हे कुठे धडपणे लिहिलेले नाही.

वजाबाकीत एक जागा आरोपीच्या फारच फायद्याची, आणि ती पुष्कळदा चुकते. परेड गेली, बाईने कोर्टात ओळखले नाही, उरली फक्त साखळी. चोरीनंतर लवकरच चोरीचा माल ज्याच्याकडे सापडतो तो एकतर चोर किंवा माल जाणूनबुजून घेणारा, असे कोर्ट मानू शकते. 'लवकरच' म्हणजे किती? नोटांच्या बाबतीत दोन दिवसही जास्त, खुणेच्या दागिन्याच्या बाबतीत महिनाही चालेल. ताबा इतका जवळचा नसेल तर जबरी चोरीची शिक्षा उतरून चोरीचा माल बाळगण्याची होते, म्हणजे दहा वर्षांच्या कलमावरून तीन वर्षांच्या कलमावर. तीन वर्षांच्या कैदेतले दोन भोगलेल्या माणसाला एवढ्याने घर दिसते. आणि ताबा एकट्याने खून सिद्ध करत नाही हे सानवत खान खटल्यातच सांगून झाले आहे. गोव्यात मधुचंद्राला आलेल्या एका जोडप्याच्या खून-लुटीत सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये गोवा राज्याचे अपील फेटाळले, ते अशाच तुटक साखळीमुळे. शिरोड्याच्या महानंद नाईकवर २००९ मध्ये सोळा खुनांचे आरोप ठेवले गेले. बायांचे दागिने काढून घ्यायचे आणि विकायचे असा त्याचा क्रम पोलिसांनी मांडला. काही खटल्यांत शिक्षा टिकली, पुष्कळांत पुराव्याअभावी तो सुटला. एकाच माणसाचे, एकाच पद्धतीचे, आणि तरी प्रत्येक खटल्याची वजाबाकी वेगळी आली.

मग आपल्या कायद्याला दारात अडवणे अगदीच माहीत नाही का? आहे, पण ते अमली पदार्थांपुरते. पेडण्यातल्या हरमल-मोरजीच्या किनाऱ्यावर पोलीस एखाद्याचा खिसा तपासतात तेव्हा त्याला आधी सांगावे लागते की राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती घेऊन घेण्याचा तुला हक्क आहे. ते सांगितले नाही तर नुसत्या त्या ताब्यावरून झालेली शिक्षा टिकत नाही, असे १९९९ च्या बलदेवसिंग निकालात पाच न्यायमूर्तींनी म्हटले आणि २०१० च्या जडेजा निकालाने हा नियम आणखी घट्ट केला. पिशवीला तो लागत नाही, अंगावरच्या झडतीलाच, ही पळवाट २००५ पासून आहेच. तरी परिणाम बघा: त्या खटल्यांत झडतीआधीची हक्काची सूचना लेखी असते, सील असते, वेळ असते. आणि त्याच उत्तर गोव्यात, त्याच खात्यातला माणूस मंगळसूत्राच्या तपासाला आला की तीन पाने आधीच लिहून तयार. पोलिसांना शिस्त जमत नाही असे कोणी म्हणू नये. नियम मोडला तर आपला खटला पडतो हे कळले की जमते. माझ्या मते सगळ्या वादाचे उत्तर या फरकात आहे, आणि ते शोधायला क्लीव्हलंडपर्यंत जावे लागत नाही, पेडण्यापर्यंत गेले तरी पुरे.

विधी आयोगाला हे १९८३ मध्येच उमगले होते. आपल्या ९४ व्या अहवालात त्याने पुरावा कायद्यात कलम १६६-अ घालायची शिफारस केली: बेकायदा मिळवलेला पुरावा घेतल्याने न्यायव्यवस्थेची बदनामी होत असेल तर तो नाकारण्याचा अधिकार न्यायाधीशाला असावा. इंग्लंडने पुढच्याच वर्षी असा अधिकार कायद्यात घातला. आपण चाळीस वर्षांनी नवा साक्ष अधिनियम केला, तेव्हाही ते कलम आले नाही. यात गोवेकराला आणखी एक गंमत आहे. ज्या पोर्तुगालच्या कायद्यातून आपण बाहेर पडलो, त्याच पोर्तुगालने हुकूमशाही गेल्यावर १९७६ च्या घटनेत लिहून टाकले की छळाने किंवा घरात, पत्रात, टेलिफोनात गैरवाजवी घुसून मिळवलेला पुरावा शून्य. म्हणजे लिस्बनमध्ये आज जे दारात अडते, ते डिचोलीत आत येऊन बसते.

दार थोडे हलते आहे तेही सांगायला हवे. पूरनमलचा पाया असा होता की घटनेत खाजगीपणाचा हक्कच नाही. २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी निकालात तो हक्क मूलभूत ठरवला आणि पूरनमलच्या पायातला १९५४ चा एम. पी. शर्मा निकाल तेवढ्यापुरता रद्द केला. घर जुनेच, पण पायाचा एक चिरा काढून घेतला. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने विनीत कुमार विरुद्ध सीबीआय खटल्यात त्याचा आधार घेत बेकायदा ऐकलेल्या टेलिफोन संभाषणांच्या नोंदी नष्ट करायला सांगितल्या. इतर कोर्टांनी उलटही म्हटले आहे. जबरी चोरीच्या अपिलात हा मुद्दा घालणारे वकील अजून थोडे, कारण साध्या चोराच्या घराला खाजगीपणा असतो हे म्हणायलाच लाज वाटते.

आणि आता कॅमेरा आला आहे. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ ने १ जुलै २०२४ पासून झडती आणि जप्तीचे, पंचांच्या सह्यांसकट, चित्रीकरण सक्तीचे केले, शक्यतो मोबाइलवर, आणि ते विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडे पाठवायचे. तीन पाने आधीच लिहून ठेवण्याची पद्धत यात बसत नाही. निदान बसू नये. पण चित्रीकरण केलेच नाही तर काय, हे कलम सांगत नाही. जप्ती रद्द, की फक्त 'सावधपणे पाहावे'? सध्याच्या निकालांकडे बघता दुसरेच होणार असे वाटते, म्हणजे साठ वर्षांपूर्वीचे राधाकिशनच पुन्हा, मोबाइलवर. नव्या संहितेखालचे खटले आता शिक्षेपर्यंत येऊन अपिलात जाऊ लागतील. त्यातल्या एखाद्यात फीत सुरू होते तेव्हाच साखळी वर्तमानपत्राच्या कागदावर दिसेल, आणि ती कोणत्या बागेतून आली ते पाहायला कोर्टापुढे काही नसेल. तिथे बसलेल्या पंचाच्या हातात चहाचा पेला असेल.